जुने नकाशे आणि वाट बदलणाऱ्या नद्या

डोंगर, नद्या आणि मैदाने आपल्याला कायमची वाटतात. गावे वसतात आणि उठतात, राज्ये येतात आणि जातात. नदी मात्र आपल्या जागी वाहत राहते, अशी सर्वसाधारण समजूत असते. एका माणसाच्या आयुष्यापुरते पाहिले तर ही समजूत बहुधा खरीही ठरते. परंतु दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा विश्वसनीय नकाशा आजच्या नकाशाशेजारी ठेवला की निराळेच चित्र दिसू लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या बंगालच्या नकाशासंग्रहात ब्रह्मपुत्रा नदी, आज जेथे मैमनसिंग शहर आहे, त्या बाजूने वाहताना दाखविलेली आहे. आजच्या नकाशात तिचा मुख्य प्रवाह तेथून पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरांवर आढळतो. दोन्ही नकाशे आपापल्या काळापुरते बरोबर आहेत. मधल्या काळात नदीनेच आपली वाट बदलली.

एकाच प्रदेशाचे निरनिराळ्या काळी तयार झालेले नकाशे ताडून पाहिले म्हणजे त्या प्रदेशाचे स्वरूप कसकसे पालटत गेले हे समजते. हा अभ्यास केवळ इतिहासाच्या जिज्ञासेपुरता नाही. नदीने सोडून दिलेली वाट जमिनीवरून लगेच पुसली जात नाही, आणि अनुकूल परिस्थिती आली तर पाणी त्या वाटेने पुन्हा धावू शकते. म्हणून जुना नकाशा पुष्कळदा पुढील संकटाची जागाही दाखवितो. बंगाल आणि बिहार येथील नद्यांच्या उदाहरणांवरून ही गोष्ट विशेष स्पष्टपणे समजून घेता येते.

स्थलदर्शक नकाशा म्हणजे काय?

शाळेच्या भिंतीवरील नकाशात एक संपूर्ण देश किंवा खंड सामावलेला असतो. त्यात गाव म्हणजे एक ठिपका आणि नदी म्हणजे एक बारीक रेघ असते. स्थलदर्शक नकाशाचा हेतू याहून वेगळा आहे. लहानशा प्रदेशाचे शक्य तेवढे तपशीलवार चित्र त्यात दिलेले असते. टेकड्या, ओढे, नदीचे पात्र, वाळूचे पट्टे, तळी, विहिरी, जंगले, शेते, वाड्यावस्त्या, रस्ते, पूल, देवळे व मशिदी या सर्वांसाठी त्यात ठरावीक चिन्हे योजलेली असतात.

भारतात असे नकाशे तयार करण्याचे काम भारतीय सर्वेक्षण विभाग करतो. या विभागाचा आरंभ १७६७ साली झाला. त्याचे जुने नकाशे बहुधा एक मैलास एक इंच या प्रमाणावर काढलेले आहेत. म्हणजे जमिनीवरील ६३,३६० इंचांसाठी कागदावर एक इंच. देशात मेट्रिक पद्धती आल्यानंतर १ : ५०,००० हे प्रमाण रूढ झाले. या प्रमाणात जमिनीवरील एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटरांनी दाखविला जातो.

नकाशातील रंगांनाही अर्थ असतो. बारमाही पाणी निळ्या रंगाने, जंगल हिरव्या रंगाने, लागवडीची जमीन पिवळ्या रंगाने आणि वस्ती तांबड्या रंगाने दर्शवितात. कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांच्या रेषा काळ्या असतात. जमिनीचा चढउतार तपकिरी रंगाच्या समोच्च रेषांनी कळतो. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेल्या ठिकाणांना जोडणारी रेषा ती समोच्च रेषा. या रेषा जेथे दाट असतात तेथे चढ तीव्र असतो. जेथे त्या दूरदूर असतात तेथे जमीन सपाट असते.

नकाशाच्या कडेला छापलेला मजकूर अनेक वाचक पाहतही नाहीत. वस्तुतः तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने तोच प्रथम वाचावयास हवा. पाहणी कोणत्या साली झाली आणि नकाशा कोणत्या साली छापला, हे तेथे नमूद केलेले असते. या दोन सालांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. जमिनीची जी स्थिती नकाशा दाखवितो ती पाहणीच्या सालची असते, छपाईच्या सालची नव्हे. हा भेद लक्षात ठेवला नाही तर सर्व हिशेब चुकतो.

रेनेलची पाहणी

जेम्स रेनेल याचा जन्म १७४२ साली इंग्लंडमध्ये झाला. लहान वयातच तो आरमारात शिरला आणि तेथे सागरी मोजणीचे शिक्षण त्याला मिळाले. १७६४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला बंगालमध्ये नद्यांच्या पाहणीवर नेमले. त्याच्यावर सोपविलेले पहिले काम अगदी व्यावहारिक होते. कोरड्या ऋतूतही मोठ्या नौका गंगेतून कलकत्त्यापर्यंत आणता येतील असा जवळचा जलमार्ग त्याने शोधावयाचा होता. पुढे १७६७ साली तो बंगालचा महासर्वेक्षक झाला. १७७७ साली तो मायदेशी परतला, आणि त्यानंतर काही वर्षांतच त्याचा बंगालचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला.

रेनेलची साधने साधी होती. दिशा पाहण्यासाठी होकायंत्र, अंतरासाठी मोजणीची साखळी व चाक, आणि अक्षांश निश्चित करण्यासाठी सूर्य व तारे यांचे वेध, एवढ्यावरच त्याचे काम चाले. पुढे १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला, त्याची अचूकता रेनेलच्या नकाशांत अपेक्षिणे योग्य होणार नाही. कामही धोक्याचे होते. १७६६ साली उत्तरेकडील सीमेजवळ झालेल्या एका चकमकीत रेनेल गंभीर जखमी झाला होता.

तरीही त्याच्या नकाशांतील नद्या आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. याचे कारण त्या नकाशांच्या हेतूत आहे. त्या काळी बंगालमधील व्यापार, सैन्याची हालचाल आणि महसुलाची वाहतूक ही सर्व मुख्यतः पाण्यावरून चाले. नदी हाच राजमार्ग असल्यामुळे तिचे वळण, तिचे फाटे आणि तिच्या काठची गावे यांची नोंद काळजीपूर्वक झाली. नदीपासून दूर असलेल्या भागाविषयी तेवढी खात्री देता येत नाही. कोणताही जुना नकाशा हाती आला की तो कोणासाठी व कशासाठी काढला गेला, हा प्रश्न प्रथम विचारावा. कोणत्या भागावर अधिक विश्वास ठेवावयाचा हे त्या उत्तरावरून ठरते.

तिस्ता आणि ब्रह्मपुत्रा

रेनेलच्या नकाशात तिस्ता नदी हिमालयातून उतरल्यावर दक्षिणेकडे वाहते आणि करतोया, आत्राई व पुनर्भवा या प्रवाहांना पाणी पुरवून अखेर गंगेच्या प्रवाहसमूहाला मिळते. आजची तिस्ता मात्र आग्नेय दिशेस वळून ब्रह्मपुत्रेस मिळते. हा बदल १७८७ सालच्या मोठ्या पुरात घडून आला. जुन्या वाटा सोडून पाण्याने नवी वाट धरली, आणि जे प्रवाह एके काळी नौकानयनास योग्य होते ते हळूहळू क्षीण झाले.

ब्रह्मपुत्रेचा बदल याहून मोठा होता. रेनेलच्या काळी ती मधुपूरच्या उंचवट्याच्या पूर्वेकडून वळसा घेऊन भैरवबाजाराजवळ मेघना नदीस मिळत असे. उंचवट्याच्या पश्चिमेस त्या वेळी झिनाई नावाचा एक लहान प्रवाह होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रह्मपुत्रेचे पाणी या पश्चिमेकडील वाटेने अधिकाधिक प्रमाणात जाऊ लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीच मुख्य नदी होऊन बसली. आज बांगलादेशात तिला जमुना म्हणतात. दिल्ली व आग्र्यावरून वाहणाऱ्या यमुनेशी तिचा काही संबंध नाही. पूर्वेकडील मूळ प्रवाह 'जुनी ब्रह्मपुत्रा' या नावाने अद्याप वाहतो, परंतु कोरड्या ऋतूत त्याचे पाणी फारच कमी होते.

हा बदल का घडला याविषयी अभ्यासकांनी निरनिराळी कारणे मांडली आहेत. तिस्तेचे पाणी ब्रह्मपुत्रेत येऊन पडल्यामुळे तिच्यावर भार वाढला, असे काहींचे म्हणणे आहे. भूकवचाच्या हालचालींमुळे मधुपूरचा प्रदेश उचलला गेला असावा, असे दुसरे मत आहे. जुन्या पात्रात गाळ साचून त्याचा उतार मंदावला आणि पाण्याने अधिक सोयीची वाट शोधली, असेही कारण दिले जाते. ही कारणे परस्परांना पूरकही असू शकतात. नदी हलली याबद्दल मात्र शंका उरत नाही, कारण तिची पूर्वीची जागा कागदावर नोंदलेली आहे. नकाशा नसता तर हा सर्व वृत्तांत दंतकथेच्या पातळीवर राहिला असता.

दोन नकाशांची तुलना

दोन नकाशे नुसते शेजारी ठेवून डोळ्यांनी पाहिले तर ढोबळ फरक कळतो. पण बदलाचे माप काढावयाचे असेल तर काही पद्धत पाळावी लागते.

प्रथम दोन्ही नकाशांत आढळणारी आणि आपल्या जागेवरून न हललेली तीन-चार ठिकाणे निवडावीत. जुने देऊळ, टेकडीचे शिखर, किल्ला किंवा दगडी पूल अशी ठिकाणे यासाठी उत्तम. केवळ अक्षांश-रेखांशांच्या रेषांवर भिस्त ठेवू नये. कारण पृथ्वीच्या आकाराविषयी जुन्या व नव्या नकाशांत निरनिराळे आधार मानलेले असतात, आणि त्यामुळे एकच देऊळ दोन्ही नकाशांत थोड्या वेगळ्या रेखांशावर पडू शकते. त्यानंतर या स्थिर ठिकाणांपासून नदीच्या काठाचे अंतर दोन्ही नकाशांवर मोजावे आणि प्रमाणाच्या साहाय्याने त्याचे किलोमीटर करावेत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एक मैलास एक इंच या प्रमाणाच्या जुन्या नकाशात एका देवळापासून नदीचा काठ अडीच इंचांवर आहे. म्हणजे प्रत्यक्ष अंतर अडीच मैल, सुमारे ४ किलोमीटर. साठ वर्षांनंतर पाहणी केलेल्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात तेच अंतर ४.४ सेंटिमीटर भरते. म्हणजे प्रत्यक्षात २.२ किलोमीटर. याचा अर्थ नदी देवळाच्या दिशेने १.८ किलोमीटर सरकली. साठ वर्षांनी भागले असता दरवर्षी सरासरी ३० मीटर हे उत्तर येते.

येथे दोन प्रकारची सावधगिरी बाळगली पाहिजे. पहिली मोजमापाविषयी. जुन्या नकाशावरील अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सुमारे ३२ मीटरांइतकी होते. तेव्हा पाच-पंचवीस मीटरांचा फरक आढळल्यास त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. तो केवळ रेघेच्या जाडीचा फरक असू शकतो. दुसरी सावधगिरी सरासरीविषयी. साठ वर्षांत १.८ किलोमीटर म्हणजे दरवर्षी ३० मीटर, हे अंकगणित बरोबर आहे. पण नदी दरवर्षी ३० मीटर सरकत होती असे त्यावरून सिद्ध होत नाही. ती एकूणसाठ वर्षे जागची हललीही नसेल आणि एकाच पुरात सारे अंतर तोडून गेली असेल. दोन नकाशे आरंभ व शेवट सांगतात. मधली हकिकत सांगण्यासाठी आणखी नकाशे लागतात.

याखेरीज पाहणीचा ऋतूही विचारात घ्यावा लागतो. मोजणीदार बहुधा हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी हिंडत. त्या वेळी नदीचे पाणी ओसरलेले असते, आणि तिचे पात्र पावसाळ्यापेक्षा पुष्कळच अरुंद दिसते. तसेच नकाशात एखादी जागा मोकळी दिसली म्हणजे तेथे काहीच नव्हते असे मानू नये. कदाचित मोजणीदार तेथवर पोचलाच नसेल.

कोसीचे पंखाकृती मैदान

वरील सर्व गोष्टींचा कस बिहारमधील कोसी नदीच्या अभ्यासात लागतो. नेपाळातील सात प्रवाहांच्या संगमातून झालेली ही नदी छत्रा येथे डोंगरातून बाहेर पडते आणि मैदान ओलांडून कुर्सेलाजवळ गंगेस मिळते. हिमालयातून ती प्रचंड प्रमाणात वाळू व गाळ आणते. डोंगरातील तीव्र उतार संपताच पाण्याचा वेग कमी होतो, आणि वाहून आणलेला गाळ खाली बसू लागतो. पात्र भरून उंच झाले की पाणी शेजारच्या सखल भागात उतरते, तेथे नवे पात्र करते, आणि कालांतराने तेही भरून टाकते. हजारो वर्षे हा क्रम चालल्यामुळे छत्राच्या खाली सुमारे १५० किलोमीटर लांबीचे, उघडलेल्या पंख्यासारखे मैदान तयार झाले आहे.

समोच्च रेषांवरून ही रचना ओळखता येते. नदी दरी कोरीत जाते तेथे समोच्च रेषा नदीजवळ उगमाच्या दिशेने वळतात. पंखाकृती मैदानावर त्या उलट बाजूस, उताराच्या दिशेने फुगलेल्या कमानींसारख्या दिसतात. कमानींचे तोंड डोंगराकडे असते. अशा जमिनीवर पाण्याला उतरण्यासाठी एकच ठरलेली वाट नसते. पंख्याच्या मुठीपासून कडेपर्यंत जितक्या काड्या, तितक्या वाटा त्याला मोकळ्या असतात.

अठराव्या शतकातील नकाशांत कोसीची मुख्य धार पूर्णियाच्या परिसरात आढळते. विसाव्या शतकाच्या मध्यास ती सुपौल व सहरसा यांच्या पश्चिमेस वाहत होती. या दोन स्थितींवरून, कोसी दोन शतकांत शंभर किलोमीटरांहून अधिक पश्चिमेस सरकली, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाऊ लागले. आणि ती सतत पश्चिमेकडेच सरकत आहे, असा समज रूढ झाला.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७६० ते १९६० या काळातील २८ नकाशे क्रमाने तपासण्यात आले. तेव्हा असे दिसून आले की, नदीची हालचाल एकाच दिशेने आणि संथपणे झालेली नाही. ती एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर एकदम उडी घेत होती, कधी पूर्वेकडे तर कधी पश्चिमेकडे. आणि पुष्कळसा काळ ती पंख्याच्या मध्यभागातील धारांतून वाहत होती. केवळ पहिला व शेवटचा नकाशा पाहिल्याने झालेला गैरसमज मधल्या नकाशांनी दूर केला. नदी एका बाजूस निघून गेली असेल तर मागे राहिलेला प्रदेश सुरक्षित मानता येतो. पण ती पुढेमागे उडी घेणारी असेल तर तसे मानता येत नाही. हा फरक वरवर पाहता अभ्यासकांपुरता वाटतो; प्रत्यक्षात लक्षावधी लोकांचे जीवित त्यावर अवलंबून होते.

१८ ऑगस्ट २००८

१९५४ साली भारत व नेपाळ यांच्यात कोसीविषयी करार झाला आणि पुढील वर्षापासून नदीच्या दोन्ही बाजूंस मातीचे लांबलचक तट उभारण्यास आरंभ झाला. सीमेजवळ बराजही बांधण्यात आला. नदी पश्चिमेकडील पात्रात बांधली गेली. तटांच्या पूर्वेकडील मोठ्या प्रदेशाला पुरापासून संरक्षण मिळाले. तेथे शेती वाढली, वस्ती दाट झाली, रस्ते व रेल्वे आली. जुन्या धारांच्या कोरड्या खोलगट पट्ट्यांतही लोक राहू लागले. परंतु नदी गाळ आणीतच होती, आणि तो आता दोन तटांमध्येच साचत होता. त्यामुळे वर्षानुवर्षे पात्राचा तळ उंचावत गेला व तटाबाहेरील जमीन त्याच्या मानाने सखल ठरली.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातील कुसहा येथे पूर्वेकडील तट फुटला. त्या दिवशीचे पाणी तटांच्या आराखड्यात गृहीत धरलेल्या महापुरापेक्षा पुष्कळच कमी होते. तरीही नदीचा बहुतेक सारा प्रवाह त्या खिंडारातून बाहेर पडला आणि सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा व पूर्णिया या जिल्ह्यांत पसरला. बिहारमध्ये ३० लाखांहून अधिक लोकांना या आपत्तीची झळ पोचली. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. कित्येक गावांनी दोन पिढ्यांत कोसीचा पूर पाहिलेला नव्हता. त्यामुळे तेथे नावाही नव्हत्या आणि पुराच्या वेळी कोठे जावे हेही लोकांना ठाऊक नव्हते.

पाणी ज्या वाटेने गेले ती वाट मात्र नवी नव्हती. कोसीने पूर्वी सोडलेल्या धारांच्या सखल पट्ट्यांतूनच ते मुख्यतः वाहिले. या धारा जुन्या नकाशांत नदी म्हणून दाखविलेल्या आहेत, आणि नंतरच्या स्थलदर्शक नकाशांत तुटक ओढे, लांबट तळी व दलदलीचे पट्टे या रूपांत त्या दिसतात. तट कोणत्या दिवशी फुटेल हे कोणताही नकाशा सांगू शकत नाही. परंतु तो फुटलाच तर पाणी कोणत्या बाजूस जाईल, कोणती गावे वाटेत येतील, कोणता रस्ता पाणी अडवील आणि उंच जागा कोठे सापडेल, या प्रश्नांची बरीचशी उत्तरे त्या नकाशांत पूर्वीपासून होती.

आज उपग्रहांच्या साहाय्याने काही दिवसांच्या अंतराने नदीचे चित्र घेता येते. तथापि अशी चित्रे १९७२ सालानंतरचीच मिळतात. नदीच्या स्वभावाचा विचार करण्यास अर्धे शतक अपुरे पडते. त्यामागील दोन शतकांची हकिकत जुन्या नकाशांखेरीज अन्यत्र इतक्या स्पष्टपणे मिळत नाही. म्हणून हल्ली जुने नकाशे संगणकावर घेऊन उपग्रहचित्रांवर बरोबर जुळवून बसविण्याची पद्धत आहे. साधन नवे आहे, पण रीत वर सांगितलेलीच: स्थिर ठिकाणे शोधावयाची आणि त्यांच्या आधाराने बदल मोजावयाचा.

नावांची साक्ष

नकाशातील रेषांइतकीच त्यावरील नावेही बोलकी असतात. मुजफ्फरपुरावरून वाहणाऱ्या नदीला 'बूढी गंडक' म्हणतात. गंडकीचे पाणी एके काळी या वाटेने जात होते, ही आठवण त्या नावात टिकून आहे. ढाक्याची 'बुढीगंगा' आणि कलकत्त्यातील 'आदिगंगा' ही नावेही अशीच आहेत. कटिहारच्या बाजूस 'कारी कोसी' वाहते. मुख्य कोसी तेथून आज दूर आहे. बिहारमधील खेडूत नदीने टाकून दिलेल्या वाटेला 'छाडन' म्हणतात आणि पाणी साचणाऱ्या सखल जागेला 'चौर' म्हणतात. असे शब्द नकाशावर आढळले की अभ्यासकाने तेथे थांबून विचार करावा. त्यांपैकी पुष्कळ शब्द लोकांनी अनुभवातून ठेवलेले आहेत, आणि मोजणीदाराने ते केवळ लिहून घेतले आहेत.

आपल्या परिसराचा अभ्यास

नदीचे स्थलांतर हा भूमीच्या बदलाचा एक प्रकार झाला. माणसाच्या कृतीमुळे होणारे बदलही नकाशांत तितकेच ठळकपणे दिसतात. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यापूर्वीच्या पाहणीच्या नकाशात इंदापूर तालुक्यातून भीमेचे नागमोडी पात्र जाते, आणि दोन्ही काठांवर गावे, विहिरी व पायवाटा दिसतात. धरणानंतरच्या नकाशात त्याच जागी रुंद जलाशय आहे. दुष्काळी वर्षी जलाशयाचे पाणी खाली गेले म्हणजे पळसदेव येथील बुडालेले प्राचीन देऊळ उघडे पडते. पण त्या सबंध परिसराचे चित्र जुन्या नकाशात कायमचे उघडे आहे. याच रीतीने आटलेली तळी, तुटलेली जंगले, नगरांच्या विस्तारात दडपलेले ओढे आणि खाडीत भर घालून केलेली जमीन यांचाही शोध घेता येतो. शहरात मुसळधार पावसानंतर विशिष्ट रस्त्यावरच पाणी का साचते, याचे उत्तर कित्येकदा साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या नकाशातील एका निळ्या किंवा काळ्या रेषेत सापडते.

हा अभ्यास करण्यास मोठी साधनसामग्री लागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे खुल्या मालिकेतील नकाशे सर्वांना उपलब्ध आहेत. जुनी पत्रके मोठ्या ग्रंथालयांत, विद्यापीठांच्या भूगोल विभागांत आणि जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत पाहावयास मिळतात. त्यांच्या जोडीला गावातील वृद्धांच्या आठवणी घ्याव्यात. त्या आठवणींत साल चुकेल, अंतर चुकेल. पण पाणी कोठवर आले होते हे बहुधा चुकत नाही. नकाशा व आठवण यांचा मेळ बसला की ती माहिती ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेलाही उपयोगी पडेल, कारण घर, शाळा वा दवाखाना कोठे बांधू नये हे तीवरून ठरविता येते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एक मैलास एक इंच या प्रमाणाच्या नकाशावर दोन गावांतील अंतर ३ इंच आहे. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर तेच अंतर किती सेंटिमीटर भरेल?

२. नकाशावरील पाहणीचे साल आणि छपाईचे साल यांत भेद करणे का आवश्यक आहे?

३. पंखाकृती मैदानावरील व दरीतील समोच्च रेषांच्या आकृत्या काढून त्यांतील फरक दाखवा.

४. केवळ दोनच नकाशांवरून कोसीविषयी कोणता गैरसमज झाला? तो कसा दूर झाला?

५. आपल्या तालुक्याचे निरनिराळ्या सालच्या पाहणीचे दोन नकाशे मिळवा. न बदललेली तीन ठिकाणे निवडून जवळच्या नदीच्या, ओढ्याच्या किंवा तळ्याच्या जागेत व आकारात झालेला बदल मोजा. नंतर प्रत्यक्ष त्या जागी जाऊन जुन्या पात्राची खूण आढळते का ते पाहा, आणि तेथे आज काय उभे आहे याची नोंद करा.